रतनजोतीचं कुंपण

शाळेतल्या सणावारांवर काहीतरी लिहा, असं अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पताका आणि खाऊ असणार. मला मात्र आधी धास्ती आठवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरात आता सकाळचा चहा मी दोनदा घेते, कोणाची हजेरी घेत नाही. तरी शाळा आणि सण हे दोन शब्द एकत्र ऐकले की मनातल्या मनात मुलं मोजायला लागते.

बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. वर्ग चालू असतो तेव्हा कोणतं मूल कुठं बसलंय ते आपल्याला ठाऊक असतं. सण आला की शंभर मुलं एकदम मोकळी. कोणी झाडावर, कोणी हातपंपावर, कोणी रस्त्याच्या पलीकडे. हरेलीला, म्हणजे आपल्याकडच्या आषाढी अमावास्येला, इकडे मुलं बांबूच्या गेडीवर, म्हणजे पाय ठेवायला खुंट्या असलेल्या उंच काठ्यांवर, चढून चालतात. एकदा शर्यतीत पहिलीतल्या एका पोराचे पुढचे दोन दात पडले. दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा ते दात कागदात गुंडाळून घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, हे दुधाचे होते असं लिहून द्या, म्हणजे घरी बायका गप्प बसतील. मी लिहून दिलं, शिक्का मारून. अशा भानगडींना मी भीत नव्हते. त्या सांगायला बऱ्या असतात. जी सांगायला बरी नाही, ती आज लिहितेय.

मी नागपूरची. लग्न करून रायपूरला आले, कारण हे इथं रेल्वेत होते. शिक्षिका झाले आणि शेवटची काही वर्षं प्रधान पाठक, म्हणजे मुख्याध्यापक. ही गोष्ट घडली तेव्हा नवीन राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झाली आणि शंकर नगरच्या बाजूला एकापाठोपाठ एक कार्यालयं, बंगले, चार-चार मजली इमारती उभ्या राहू लागल्या. त्या बांधायला गावागावांतून माणसं आली आणि मागच्या पडीक जमिनीवर टिनाच्या पत्र्यांचा एक पारा वसला. पारा म्हणजे वस्ती. त्या पाऱ्याच्या तोंडाशी आमची सरकारी प्राथमिक शाळा होती. तीन खोल्या, एक ओसरी, एक कडुनिंब, एक हातपंप. कागदावर शिक्षक चार होते. प्रत्यक्षात मी आणि दुर्गेश सर. दुर्गेश सर शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटावरचे, वय सव्वीस-सत्तावीस, तापट पण मुलांसाठी जीव टाकणारे. तिसरी सुखबती दाई; दाई म्हणजे इकडे आई. ती दुपारचं जेवण रांधायची. बेमेतराकडच्या खेड्यातली विधवा बाई. आमच्या तिघांत तिलाच सगळ्यात जास्त कळायचं, हे मला उशिरा कळलं.

शाळेला आवाराची भिंत नव्हती. गाई सरळ वर्गात यायच्या. भिंतीसाठी मी अर्ज करकरून थकले. शेवटी भिंतीऐवजी रोपं आली. त्या वर्षांत रतनजोत लावायची लाटच होती. रस्त्याच्या कडेला, माळावर, शाळांच्या हद्दीवर, जिथं तिथं रतनजोत. रोपं घेऊन आलेल्या माणसानं सांगितलं की याच्या बियांच्या तेलावर पुढे गाड्या चालतील, आणि गुरं याला तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला याच्यासारखं झाड नाही. मला तेवढंच हवं होतं. हरेलीच्या दिवशी आम्ही मुलांच्या हातून चारी बाजूंनी रोपं लावली. प्रत्येक मुलाला एक रोप, त्याला रोज एक तांब्या पाणी. दोन पावसाळ्यांत डोक्याएवढं हिरवं कुंपण उभं राहिलं. गाई बाहेर थांबू लागल्या. येईल त्या साहेबाला मी ते अभिमानानं दाखवायची.

गाई त्याला तोंड का लावत नाहीत, हे मी कोणालाच विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही बालमेळा भरवायचो. मुलं ओसरीवर आपापली छोटी दुकानं मांडत, घरून काही आणत आणि एकमेकांना फुकट वाटत. पैशाचा व्यवहार मी ठेवला नव्हता, कारण ज्यांच्याकडे पैसे नाहीत अशीच मुलं जास्त होती. पण आधीच्या वर्षी तीन-चार मुलांनीच खाऊ आणला आणि बाकीची नुसती खात सुटली. मला ते बरं दिसलं नाही. म्हणून त्या वर्षी मी प्रार्थनेच्या वेळी नियम सांगितला. रिकाम्या हातानं कोणी यायचं नाही. काहीही आणा, मूठभर मुर्रा म्हणजे मुरमुरे आणा, चिंच आणा, पण रिकाम्या हातानं नको. वाटून खायची सवय लागावी, हा माझा हेतू. हेतू चांगलाच होता.

पाचवीत फुलेश्वरी नावाची मुलगी होती. दहा-अकरा वर्षांची, बारीक, शांत. तिची आई रेजा होती. बांधकामावर डोक्यावरून घमेली वाहणाऱ्या बाईला इकडे रेजा म्हणतात. बाप कामाला म्हणून परराज्यात गेला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. फुलेश्वरीला शाळेतल्या सगळ्या मुलांची नावं पाठ होती, पहिलीपासून पाचवीपर्यंत. मी हजेरी घेताना अडखळले तर ती मागून हळूच सांगायची.

मेळ्याच्या दिवशी थंडी नुकतीच पडायला लागली होती. ऊन छान होतं. कोणी बेसनाची तळलेली ठेठरी आणली होती, कोणी मुर्ऱ्याचे लाडू, कोणी पेरूच्या फोडी. फुलेश्वरीनं ओसरीच्या टोकाला पोतं अंथरलं होतं आणि त्यावर जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या ओळीनं मांडल्या होत्या. पुडीत सोललेल्या पांढऱ्या बिया, शेंगदाण्यापेक्षा जरा मोठ्या. मी विचारलं हे काय, तर ती म्हणाली, जंगली बदाम. मला वाटलं, गावाकडून कोणी जंगलातलं काही आणलं असेल. इकडची आदिवासी माणसं चार नावाची रानफळं, चिरोंजी म्हणजे चारोळी, असं कायकाय विकायला आणतात, त्यातलंच. तिनं पुडी पुढे केली. मी दोन बिया तोंडात टाकल्या. चव गोडसर, तेलकट, थेट शेंगदाण्यासारखी.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, बघा, फुलेश्वरीनं किती नीट मांडलंय, शिका जरा.

मी तसं म्हटल्यावर निम्मी शाळा तिच्या पोत्याभोवती जमली.

मेळा अकराच्या सुमारास आटोपला. बाराला जेवणाची पंगत बसली, भात आणि डाळ. पंगत अर्धी झाली नसेल तोच तिसरीतला एक मुलगा उठला आणि खांबाशी जाऊन ओकला. सकाळपासून नाही नाही ते खाल्लंय, म्हणून मी त्याला पाणी दिलं. मग त्याच्या बहिणीला उलटी झाली. मग ओळीत बसलेल्या दोघांना. एक मुलगी पोट धरून जमिनीवर आडवी झाली. बघता बघता सात-आठ मुलं ओकत होती आणि बाकीची जेवण टाकून उभी राहिली होती.

दुर्गेश सरांनी डाळीच्या भांड्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सुखबती दाईचा चेहरा राखेसारखा झाला. दुपारच्या जेवणातून काही झालं तर सर्वात आधी कोणाला धरतात हे तिला माहीत होतं. तिनं पळीभर डाळ हातावर घेतली आणि आमच्यासमोर पिऊन दाखवली. मग ती त्या आडव्या पडलेल्या मुलीजवळ गेली, तिच्या मुठीतली चुरगळलेली पुडी सोडवली, आतली बी नखानं फोडली, हुंगली.

“येला कोन खवाइस?” तिनं विचारलं. हे कोणी खायला दिलं?

मी म्हटलं, जंगली बदाम आहेत.

“बदाम नोहे, मॅडम. बगरंडा आय.” आणि तिनं कुंपणाकडे बोट दाखवलं.

तेव्हा मी ते कुंपण पहिल्यांदा नीट पाहिलं. पानांत पिवळी, वाळून काळी झालेली फळं लटकत होती. रोप मी लावलं होतं, फळ कधी ओळखलं नव्हतं. सुखबतीच्या गावात त्याला बगरंडा म्हणत. बैलाचं पोट साफ करायला त्याचं तेल पाजत, तेही मोजून. मुलं ते खातील असं तिच्या मनात आलं नव्हतं, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. दोन वर्षं आम्ही रोज एका ओसरीवर बसत होतो.

त्याच क्षणी माझ्या घशातल्या आगीचं कारण मला कळलं. इतका वेळ मी ती ॲसिडिटी समजत होते.

दुर्गेश सर पुढे झाले आणि मुलांवर ओरडले, कोणी कोणी खाल्लं, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. जी ओकत होती तीसुद्धा मान हलवू लागली, नाही सर, हमन नइ खाए हन, आम्ही नाही खाल्लं. मुलं मरणाला भीत नाहीत, ती माराला भितात. मला समोर शंभर चेहरे दिसत होते आणि त्यांतल्या कोणाच्या पोटात विष आहे हे कळायला मार्ग नव्हता. वीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि त्या दिवशी त्यांच्या खोट्यानंच मला अडवलं.

मी ओसरीवर खाली बसले, मुलांच्या उंचीला आले. म्हटलं, “मीही खाल्ल्या. दोन. माझंही पोट दुखतंय. मी दवाखान्यात चाललेय, माझ्यासोबत कोण येतं?” हे मी हिंदीत म्हटलं असेल, की मराठीत, आता आठवत नाही. पण हळूहळू एक हात वर आला. मग दुसरा. मग इतके की दुर्गेश सरांनी कपाळावर हात मारला.

फुलेश्वरी खांबाला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिला स्वतःला उलट्या होत होत्या, कारण बिया सोलताना तीही खात होती. मी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, कोणाकोणाला दिलंस आठवतं का? तिनं डोळे मिटले आणि नावं सांगायला सुरुवात केली. एकेक नाव, वर्गासकट. मध्ये थांबून ओकायची, तोंड पुसायची, पुन्हा सांगायची. दुर्गेश सर लिहून घेत होते. वर न आलेले पाच हात त्या यादीतून निघाले. शेवटी ती म्हणाली, पहिलीतल्या मोंगरानं तीन पुड्या घेतल्या. स्वतः खाण्यासाठी नाही, भावासाठी मागून घेतल्या.

मोंगरा पंगतीत नव्हती. मेळा संपताच ती घरी गेली होती. आणि तिचा भाऊ गोलू दीड वर्षांचा होता.

तेव्हा आजच्यासारखी नंबर फिरवला की येणारी रुग्णवाहिका नव्हती. रस्त्यावरून विटांचा मेटाडोर चालला होता. दुर्गेश सर त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले. ड्रायव्हरनं विटा रस्त्यावरच उतरवल्या आणि मुलं चढवली. प्रधान पाठक म्हणून मी त्या गाडीत बसायला हवं होतं. तीस-पस्तीस आजारी मुलं एका बाजूला, एक मोंगरा आणि तिचा भाऊ दुसऱ्या बाजूला. मी दुर्गेश सरांच्या हातात यादी दिली आणि म्हटलं, एकालाही झोपू देऊ नका. ज्यांनी बिया खाल्ल्या नव्हत्या ती मुलं मागे शाळेत राहिली. शेजारच्या दुकानदारिणीला त्यांच्याजवळ बसवलं. बरोबर केलं की चूक, यावर मी आजही दोन बाजूंनी भांडू शकते.

सुखबती आणि मी पाऱ्यात धावलो. म्हणजे ती धावत होती. मी पोट धरून मागून जात होते आणि दर वीस पावलांवर पत्र्याला टेकून थांबत होते. मोंगराच्या दाराला बाहेरून साखळी होती. हाक मारली, पत्रा वाजवला. शेजारी कोणी नव्हतं, दुपारी सगळा पारा कामावर. सुखबतीनं फटीतून आत पाहिलं. आत कोणी नाही म्हणाली, पण तिथं अंधार होता, आणि दीड वर्षांचं मूल अंधारात दिसतं का, हे तिलाही सांगता येईना. तिनं साखळी उघडून आत जाऊन चाचपलं. खरंच कोणी नव्हतं. मग तिलाच सुचलं, पोरगी आईकडे गेली असेल, कामावर.

बांधकाम दोन गल्ल्या सोडून होतं. चार मजल्यांचा नुसता सांगाडा. वाळूच्या ढिगाच्या आडोशाला रेजांची लहान मुलं बसवलेली असायची. तिथं मोंगरा होती. मांडीवर गोलू. समोर दोन पुड्या उघड्या, रिकाम्या. तिसरी तिच्या फ्रॉकच्या खिशात.

गोलू झोपला होता. त्याच्या हनुवटीवर लाळ आणि पांढरा चुरा होता. मी त्याचं नाव घेतलं, गालावर चापट मारली. त्यानं डोळे उघडले नाहीत. मोंगराला विचारलं, याला किती दिल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, ती शाळेतून पळून आल्याबद्दल मी रागवायला आलेय.

आई कुठंय, म्हणून मी वर पाहिलं. तिची आई बिसाहिन तिसऱ्या मजल्यावर होती. दोन फळ्यांच्या उतारावरून डोक्यावर गिलाव्याचं घमेलं घेऊन चालली होती. खाली काही नाही, कठडा नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि सुखबतीनं माझा दंड इतक्या जोरानं दाबला की तिथं दोन दिवस निळं होतं. ती म्हणाली, “पहिली बोझा उतारन दे.” आधी तिला ओझं उतरवू दे.

गोलूला मी छातीशी धरून उभी राहिले. त्याचा श्वास माझ्या मानेला लागत होता, कधी लागत नव्हता. वर ती बाई एकेक पाऊल टाकत होती. ती फळीच्या टोकाला पोचली, घमेलं मिस्त्रीपुढे रिकामं केलं, पदर सारखा केला. त्याला फार तर एक मिनिट लागलं असेल. आयुष्यात मला जी काही भीती वाटली असेल ती सगळी एकत्र केली तरी त्या मिनिटाएवढी व्हायची नाही. मग सुखबतीनं रोजच्या आवाजात हाक मारली, “बिसाहिन, थोरिक खाल्हे आ तो.” जरा खाली ये तर.

बिसाहिन खाली आली तशी आम्ही रस्त्यावरचा एक ऑटो धरला. ऑटोत तिला मीच सांगितलं. शाळेत वाटलेल्या बिया आहेत, विषारी आहेत, मलाही माहीत नव्हतं. तिनं गोलूला माझ्याकडून घेतलं आणि रुग्णालय येईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. वाटेत त्याला उलटी झाली. तेव्हा तो रडला. रडला म्हणून मला हायसं वाटलं.

रुग्णालयात एका खाटेवर दोन-दोन मुलं होती. प्रत्येकाच्या हाताला सलाईन. ड्यूटीवरची डॉक्टर तरुण होती. तिनं मला सरळ सांगितलं की यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची. मोठी मुलं सावरतील. मूल जितकं लहान तितका धोका मोठा. गोलूच्या हाताची शीर सापडेना. दोन्ही हात, मग पाय, शेवटी डोक्यावरची शीर सापडली. मोंगरानं स्वतः एकही बी खाल्ली नव्हती. दोन्ही पुड्यांतल्या सगळ्या भावाला दिल्या होत्या. त्यानं किती गिळल्या आणि किती थुंकल्या, हे कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात मला दरवाज्यातच उलटी झाली, आणि नर्सनं मला धरून मुलांच्याच वॉर्डात आडवं केलं. माझ्या शेजारच्या खाटेवर चौथीतला एक मुलगा होता. त्यानं मला विचारलं, मॅडम, आपको भी सुई लगी? हो म्हटलं, तर त्याचं रडणं थांबलं.

संध्याकाळी हे आले. त्यांचं बालपण वर्ध्याकडच्या खेड्यात गेलेलं. मी पुडीतली बी दाखवली, तर ते बघतच राहिले.

“अवं, हे तं मोगली एरंड होय,” ते म्हणाले. “आमच्या वावराच्या धुऱ्यावर होतं. लहानपणी आई हातावर फटका मारे, त्याले हात लावला तर. तुले माहीत नव्हतं?”

मोगली एरंड मला माहीत होतं. नावानं. विषारी असतं हेही माहीत होतं. रतनजोत म्हणजे तेच, हे माहीत नव्हतं. एका झाडाची तीन भाषांत तीन नावं, आणि मला जे नाव सांगितलं गेलं ते सर्वांत गोड होतं.

बाहेर आईबापांची गर्दी होती. त्यांचे आवाज खिडकीतून येत होते. आत डॉक्टर एकाच गोष्टीची वाट बघत होती, गोलूला लघवी होण्याची. झाली म्हणजे मूत्रपिंडं काम करताहेत. बिसाहिन भिंतीला पाठ लावून बसली होती, मांडीवर मूल. तिचा हात सारखा त्याच्या खाली जायचा, कोरडा बाहेर यायचा. मी तिच्याकडे बघायची आणि ती हात पुसायची, जणू काही केलंच नाही. मी देवाचं फार करणारी बाई नाही. पण एका मुलानं मुतावं म्हणून मी जेवढी प्रार्थना केली तेवढी माझ्या स्वतःच्या मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेच्या वेळीही केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन खिडकीत आलं तेव्हा, बिसाहिन एकदम उभी राहिली. तिचं लुगडं मांडीवर ओलं झालं होतं. ती ते दोन्ही हातांनी पुढे धरून डॉक्टरला दाखवत होती.

सगळी मुलं वाचली. गोलू चौथ्या दिवशी घरी गेला. हे मी इथंच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला उगाच टांगून ठेवायची मला हौस नाही. पण मुलं वाचली म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

चौकशी झाली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दुपारच्या जेवणाचंच नाव घेतलं, आणि सुखबतीच्या दारात माणसं जमली. मी सलाईन काढल्याबरोबर लेखी दिलं की जेवणाचा दोष नाही, बिया मेळ्यात वाटल्या गेल्या, मी स्वतः खाल्ल्या आणि मी स्वतः मुलांना कौतुकानं त्या दुकानाकडे पाठवलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, बिया कोणत्या मुलीनं आणल्या? त्या मुलीचं नाव लिहा. मी लिहिलं, मुलांनी शाळेच्या कुंपणातून आणल्या. साहेब म्हणाले, नाव लिहाल तर तुमच्यावरचं ओझं कमी होईल. मी म्हटलं, ती दहा वर्षांची आहे, कुंपण माझं आहे. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, ठपका बसला, नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं नोंद झाली. ती अजून तिथं असेल. कुंपण मात्र मी आदेशाची वाट न बघता उपटून टाकलं. एका रविवारी दुर्गेश सर, सुखबती आणि मी. पुन्हा गाई वर्गात येऊ लागल्या.

पण नाव कागदावर नसलं तरी पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. फुलेश्वरी शाळेत येईना. आठ दिवस वाट बघून मी तिच्या घरी गेले. तिची आई कामावर होती. पोरगी चुलीपुढे बसली होती. लोक तिला काय म्हणत होते ते मला सुखबतीनं सांगितलं होतं, ते मी इथं लिहीत नाही. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही, तुला माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. मग ती खाली बघूनच बोलली.

“घर म कुछु नइ रिहिस, मॅडम. तुमन केहे रेहेव, खाली हाथ कोनो झन आहू.”

घरात काही नव्हतं. तुम्हीच म्हणाला होता, रिकाम्या हातानं कोणी यायचं नाही.

तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मी विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं, वर्गात देतात तसं. मी तिथून कशी उठले मला आठवत नाही. त्या दिवसानंतर मी मुलांना कुठलाही नियम सांगताना आधी मनात एकेका घरात डोकावून यायची. उशिरा आलेली अक्कल.

मी रोज जायला लागले. चौथ्या-पाचव्या खेपेला ती माझ्यासोबत आली. वर्गात तिच्या शेजारी कोणी बसेना. ती सर्वांत मागे बसायची आणि मी हजेरीत अडखळले तरी आता सांगायची नाही.

पौष पौर्णिमेला छेरछेरा असतो. नवीन धान घरात आलेलं असतं, आणि मुलं झोळ्या घेऊन ‘छेरछेरा’ असं ओरडत दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी मागायला आलेल्या कोणाला परत पाठवायचं नसतं. दरवर्षी आम्ही शाळेची सगळी मुलं घेऊन पाऱ्यात जायचो. त्या वर्षी मला जायचं नव्हतं. दारं लागली तर, कोणी फुलेश्वरीला तोंडावर काही बोललं तर, ही धास्ती मला आदल्या दिवसापासून होती. दुर्गेश सर म्हणाले, यंदा राहू द्या. सुखबती म्हणाली, हव, घरी बसा, म्हणजे पोरगी जन्मभर घरी बसेल.

आम्ही गेलो. दोन दारं खरंच लागली. एका म्हातारीनं सगळ्यांच्या झोळीत धान घातलं आणि फुलेश्वरीच्या झोळीपाशी सूप मागे घेतलं. पोरगी झोळी मिटून बाजूला सरकली. पुढचं घर बिसाहिनचं होतं. त्या दिवसानंतर बिसाहिन माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. रस्त्यात दिसली तर वळायची. मी मुलांना म्हटलं, हे घर सोडा, पुढे चला. पण मुलं ओरडत दारात पोचली होती.

बिसाहिन बाहेर आली, कडेवर गोलू, हातात धानानं भरलेलं सूप. तिनं पहिल्या झोळीत मूठ टाकली, दुसऱ्या, तिसऱ्या. मग ती थांबली आणि गर्दीच्या मागे पाहिलं. फुलेश्वरी सर्वांत मागे उभी होती, झोळी पाठीशी धरून. मुलं आपोआप बाजूला झाली. मध्ये पडायला हवं होतं, पण पडता येईना.

बिसाहिन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं मुठीत धान घेतलं आणि हात तसाच वर धरून ठेवला.

“बोल न नोनी,” ती म्हणाली. “छेरछेरा नइ बोलबे त कइसे दुहूं?”

बोल ना पोरी. म्हटलंच नाहीस तर देऊ कसं?

फुलेश्वरीनं झोळी पुढे आणली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा, अगदी हळू, ती म्हणाली, “छेरछेरा.”